चिमीचा वाटा

१२ सप्टेंबर २००८, शुक्रवार. खोडाळा

वही मंदाची, अक्षर मंदाचं, बोलणं माझं. नाशिकच्या दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईने सांगितलं, ऑपरेशनच्या आधी घरात काय शिजतं, मंदाच्या ताटात काय पडतं ते रोजच्या रोज लिहून आणा. जी वाढते तिने लिहावं, खाणारीने नको. खाणारी खोटं लिहिते म्हणे. आमच्या घरात वाढते मी. मला अक्षर येत नाही. म्हणून लिहिणार खाणारीच. झालं ना तेच?

मंदा माझी नात. वय एकोणतीस, पाड्यावरच्या शाळेत मास्तरीण. वजन एकशे एकतीस किलो. (लिही गो. लाजतेस काय, त्या बाईने मोजलंय.)

स. चहा, नागलीच्या भाकऱ्या दोन, खुरासणीची चटणी.
दु. डबा. भात, उडदाची आमटी.
सं. भात, सुके बोंबील, भाकर एक. चि. वा.

मंदा म्हणते, चि. वा. म्हणजे काय ते बाईला कळणार नाही. म्हटलं, तिला कशाला कळायला पाहिजे? आपल्या घरातलं आहे.


१३ सप्टेंबर, शनिवार

मंदा पडली त्याला आज महिना. शाळेच्या चढणीवर. पोरं वर उभी राहून "बाई आल्या, बाई आल्या" ओरडतायत आणि बाई खाली चिखलात बसलेल्या. उठवायला चार माणसं लागली. एक जण म्हणाला, "म्हैस बसली की..." पुढचं गिळलं त्याने. पण मंदाने ऐकलं. त्याच आठवड्यात नाशिक गाठलं.

साखर आहे तिला. चालताना धाप. झोपेत श्वास अडकतो, मी बाजूला असते, मला माहीत आहे. तिच्या बापालाही साखर होती. माझा मुलगा. आश्रमशाळेत शिपाई होता. पायाच्या बोटापासून सुरू झालं आणि वर वर चढत गेलं. आठ वर्षं झाली. म्हणून मी ऑपरेशनला नाही म्हटलं नाही. तिच्या आईनेही, हौसाने, नाही म्हटलं नाही.

फक्त विचारलं, पोट कापून ठेवणार केवढं?

मंदा म्हणाली, "सुरुवातीला अर्धी वाटी मावेल."

मग मी नागली पाखडायला बसले. अर्ध्या वाटीत दोघी कशा मावणार.


१४ सप्टेंबर, रविवार

सरकारी दवाखान्यातला काटा एकशेवीसला थांबतो. म्हणून बाजारात शेठच्या दुकानात, भाताच्या पोत्यांच्या काट्यावर. दुपारी दुकान बंद असताना गेलो. मास्तरीणबाईंची अब्रू.

मी म्हटलं, "शेठ, पोत्याचा बारदाना वजा करता, तसं साडीचं करा."

शेठ हसला. मंदा हसली नाही. एकशे एकतीस. डॉक्टरला एकशेपंचवीस पाहिजे. यकृतावर चरबी चढलीय, ते फुगून पोटावर पडलंय. ते आटलं नाही तर दुर्बीण आत शिरायला जागा नाही. सहा किलो उतरले नाहीत तर टेबलावर घेणार नाहीत, तारीख पुढे. पुढे म्हणजे किती, ते सांगत नाहीत. ऑपरेशन पाहिजे असलेल्यांची रांग आहे म्हणे. आमच्या तरुणपणी पोट नसलेल्यांची रांग होती. रेशनच्या दुकानापुढे.

आता चि. वा.चं लिही. राहू दे काय, लिही.

मंदाचं पोट भरलं की ती ताटावर आडवा हात धरते. मग मी बाजूने एक चतकोर भाकर ठेवते, नाही तर डाव भरून भात. तो चिमीचा. चिमी मंदाची धाकटी बहीण. तीन वर्षांची गेली, मंदा तेव्हा पाचाची. चोवीस भाद्रपद झाले. आमच्यात लेकराचं पितर घालत नाहीत. म्हाताऱ्यांना पान, बापयांना पान, बायांना पान, लेकराला नाही. मग तिचा वाटा जाणार कुठे? बहिणीच्या ताटात. मंदाने कधी नको म्हटलं नाही. तापात सुद्धा खाल्ला.


१५ सप्टेंबर, सोमवार

आजपासून पातळ. निघेपर्यंत दुसरं काही नाही. ताक, भाज्यांचं पाणी, डाळीचं वरचं पाणी, आणि डब्यातली एक पांढरी पूड पाण्यात ढवळून. चाखली मी. शाळेतला खडू.

मी म्हटलं, "यात नवीन काय? पावसाळ्यात आम्ही सगळे पातळावरच असायचो. पेज, नाही तर कडूकंद. रात्रभर ओढ्यात भिजवायचा, नाही तर जीभ सोलते. आमचं यकृत बघितलं असतं तर तुझ्या डॉक्टरने ओवाळलं असतं."

मंदा म्हणाली, "आजी, तेव्हा उपाशी होतात. हे उपचार आहेत."

बरं. उपचार.

स. पूड. दु. ताक. सं. नागलीची पेज. (पातळच आहे की. बाईने पातळ सांगितलं.)


१७ सप्टेंबर, बुधवार

स. पूड. दु. भोपळ्याचं पाणी. सं. पेज, दोन वाट्या.

मंदा चिडचिड करते. डोकं दुखतं म्हणते. शाळेत पोरांची खिचडी शिजली तेव्हा वर्गाबाहेर जाऊन उभी राहिली.

संध्याकाळी पेज पिऊन तिने ताटावर हात धरला. ताट नव्हतंच, वाटी होती. वाटीवर हात धरला आणि माझ्याकडे बघितलं.

मी उठून गेले.


१९ सप्टेंबर, शुक्रवार

दर शुक्रवारी आहारवाल्या बाईला फोन करायचा. मंदाने वही वाचून दाखवली. पेज म्हटल्यावर बाई तिकडून ओरडली, मला इकडे चुलीपाशी ऐकू आलं. पेज म्हणजे पीठ. पीठ नको. पातळ असलं म्हणून काय झालं, गूळपाणी पण पातळच असतं. चूक माझी, लिही.

मग बाईने पुन्हा सगळं पाठ म्हणवून घेतलं, आणि मंदा माझ्यासाठी मोठ्याने म्हणाली. दगडूबाईला, म्हणजे मला, कळलं पाहिजे ना. ऑपरेशननंतर आधी पाणी, घोट घोट. मग पातळ. मग मऊ. घास चावून चावून पार लगदा करायचा. जेवताना पाणी नाही. गोड खाल्लं तर घाम फुटेल, चक्कर येईल. घाईने खाल्लं तर सगळं बाहेर. केस गळतील, मग येतील. कातडी लोंबेल. पित्ताचे खडे होऊ शकतात. गोळ्या जन्मभर, चुकवायच्या नाहीत. दीड वर्ष तरी मूल नको.

मी म्हटलं, "बाईला सांग, आधी नवरा दाखवा, मग दीड वर्षाचं बघू."

आणि कापलेलं पोट परत जोडत नाहीत. हे दोनदा म्हणायला लावलं.

मग बाईने विचारलं, "ते चि. वा. काय आहे? कुठलं जीवनसत्त्व?"

मंदाने फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, "बहिणीचा वाटा आहे. तिच्या बहिणीचा वाटा मंदा खाते."

"बहीण कुठे असते?"

"नदीकाठी."

बाईला कळायला वेळ लागला. आवाजावरून बाई काटकुळी वाटते, पण वाईट नाही. म्हणाली, "आजी, आम्ही पोट लहान करतो. खाण्याचं कारण पोटात नसेल तर ते आम्हाला कापता येत नाही. ते तसंच राहतं. मग माणूस छोट्या पोटावर पण खात राहतो, आणि वजन परत येतं, नाही तर पोट फाटायची वेळ येते. हे ऑपरेशनच्या आधी कळलेलं बरं." मग म्हणाली, "तुम्ही तो वाटा का वाढता, ते पण वहीत लिहा."

मी फोन मंदाला दिला.


२१ सप्टेंबर, रविवार

शेठचा काटा. एकशेतीस आणि अर्धा. आठवडाभर उपाशी राहून अर्धा किलो उतरला.

मंदा काट्यावरून उतरली, पोत्यावर टेकली आणि रडली. शेठ आत जाऊन चहा सांगतो म्हणाला. चहा चालत नाही तिला, साखरेचा. तो पण बिचारा.

घरी आल्यावर मी सांगितलं. पूड ढवळते मी. ताक घुसळते मी. बाई ओरडल्यावर पेज बंद केली, पण भाकर कुस्करून, चाळून ताकात घालत होते. रोज. एक चतकोर. दाताखाली येऊ नये म्हणून वस्त्रातून गाळून. वहीत आलं नाही कारण मी सांगितलं नाही. वाढणारी पण खोटं लिहिते, बाईला कळव.

मंदा म्हणाली, "आजी, मी मरेन अशाने. बाबांसारखी. बोट, मग पाऊल, मग..."

मी म्हटलं, "तुला उपाशी ठेवा म्हणतात गो सगळी."

"उपाशी नाही. नाही म्हणायचं. एवढंच. मला नाही म्हण."

तेच तर.


२३ सप्टेंबर, मंगळवार

पाऊस. शाळा लवकर सुटली. हौसा मागे तांदूळ निवडत बसलीय. मंदा म्हणाली, सांग, बाईने सांगितलंय. लिही मग. मध्ये थांबायचं नाही.

त्या भाद्रपदात घरात मी आणि दोन पोरी. हौसा आणि मुलगा भिवंडीकडे बेणणीला, लोकांच्या शेतातलं तण काढायला गेलेले. कणगीच्या तळाला नागली होती, त्यातली बियाण्याला राखायची. चिमीला हगवण लागली. भगताकडे गेले. भगत म्हणाला, तीन दिवस पोट कोरडं ठेव. आत काही गेलं की बाधा जागी होईल. पाणी पण बोटाने, ओठाला.

मी ठेवलं. सांगितलेलं ऐकणारी बाई मी.

मंदाला तर जेवायला घालायला पाहिजे. तिच्यासाठी भाकर भाजायचे. चिमी चुलीजवळ गोधडीवर पडून बघायची. "आजे, भाकर." नाही म्हटलं. "आजे, थोडी." नाही म्हटलं, आणि चुलीकडे तोंड केलं. लाकडं सारखी केली. लाकडं सारखीच होती.

मला वाटलं मी तिला वाचवतेय. खरंच वाटलं.

तिसऱ्या दिवशी तिने मागणं सोडलं. मला किती बरं वाटलं सांगू. म्हटलं, हट्ट गेला, गुण आला. शेजारणीला सांगितलं सुद्धा, आज गप्प आहे हो.

तिच्यासाठी एक चतकोर राखून ठेवला होता. टोपलीखाली, वर दगड. चौथ्या दिवशी द्यायचा. चौथ्या दिवशी सकाळी

नदीकाठी ठेवून आलो. घरी येऊन मी टोपली उचलली. का उचलली माहीत नाही, द्यायचा दिवस होता म्हणून. चतकोर नव्हता. टोपली तशीच पालथी, दगड तसाच वर. मांजर दगड परत ठेवत नाही. उंदराने कण सोडले असते. मला कळलं. ती येऊन खाऊन गेली. भूक होती म्हणून आली. माझ्या हातची खाल्ली, म्हणजे माझ्यावर राग नव्हता. किंवा होता आणि भूक जास्त होती. तेव्हापासून वाटा. परत यायला लागू नये तिला. बहिणीच्या ताटात रोज मिळतोय म्हटल्यावर कशाला येईल.

हौसा परत आली तेव्हा तिला एवढंच सांगितलं, हगवणीने गेली. तिने काही विचारलं नाही. अजून नाही.

मंदा थांबली आहे. लिही म्हटलं ना.

लिहिलं. वही मिटते म्हणाली.


२४ सप्टेंबर, बुधवार

आज तिने सांगितलं आणि मी ऐकलं, पण लिहायचं माझ्या तोंडून, असं ठरलं. म्हणजे तिला तिचं स्वतःचं लिहावं लागणार नाही.

मंदा म्हणाली, "दगड मी परत ठेवला होता."

मला कळेना, कुठला दगड.

"टोपलीवरचा. चिमी होती तेव्हाच. तू पाण्याला गेली होतीस. दुसऱ्या दिवशी की तिसऱ्या, आठवत नाही. माझी भाकर खाऊन झाली होती, अजून पाहिजे होती. मी टोपली उचलली. चिमी बघत होती. तिने हात पुढे केला. मी सगळी खाल्ली. उभ्यानेच. मग टोपली पालथी घातली, दगड ठेवला."

मी म्हटलं, "मग?"

"मग ती गेली. मला वाटलं, मी तिची भाकर खाल्ली म्हणून गेली. तू रोज ताटात तिचा वाटा ठेवायला लागलीस. मला वाटलं तुला माहीत आहे. तू मला शिक्षा करतेयस. म्हणून कधी नको म्हटलं नाही."

चोवीस वर्षं. रोज. मी माया म्हणून वाढत होते आणि पोरगी शिक्षा म्हणून गिळत होती.

मी म्हटलं, "पाच वर्षांची होतीस गो."

ती म्हणाली, "आणि तू सांगितलेलं ऐकलंस."

मागे भात उतू गेला. हौसा तिथेच होती. तिने ऐकलं असणार सगळं. कधी भात उतू जाऊ देत नाही ती.

एक लिही, मग पुरे. मंदाला वाटतंय, सांगून माझं ओझं कमी केलं. म्हणजे चिमी आली नव्हती, भूत नाही, काही नाही, सुटलीस आजी. तिला कसं सांगू. इतकी वर्षं मला एवढ्यानेच झोप लागायची की ती येऊन एक चतकोर तरी खाऊन गेली. आली नव्हती. म्हणजे काहीच न खाता


२५ सप्टेंबर, गुरुवार

(मंदा लिहितेय. आजी आज काही सांगत नाही. सकाळी पूड तिनेच ढवळली, गाळलं काही नाही. दु. ताक. सं. दुधीचं पाणी. संध्याकाळी भाकरी करताना तिने चतकोर मोडला आणि हातात धरून बसली. कुठे ठेवायचा ते कळत नसल्यासारखी. मी ताटावर हात धरला नव्हता. ताट नव्हतंच. चि. वा. नाही.)


२६ सप्टेंबर, शुक्रवार

चार दिवस झाले, ताकात ताकच आहे. मंदाच्या साडीच्या निऱ्या जास्त पडतात. चेहरा उतरलाय, पण डोळे मोठे दिसतात. हे डोळे कुठे होते इतके दिवस? गालात होते.

हौसा आज बोलली. तीस वर्षं सून आहे, एका वेळी इतकं कधी बोलली नाही. पाण्याच्या कळशा उतरवून ठेवल्या आणि तिथेच, दाराशी म्हणाली, "आय, मी तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं."

मी म्हटलं, "मग आता ऐकलंस."

"ऐकलं."

"मग?"

"मग काय. पाणी गाळून घ्या, गढूळ आहे."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. किंवा नसतं. काय माहीत.

बाईला फोन. मंदाने मंगळवार, बुधवार वाचलं नाही. पानं पुढे उलटली. बाई म्हणाली, "लिहिलं का पण?" मंदा म्हणाली, "लिहिलं." बाई म्हणाली, "येताना वही आणा." आणखी काही विचारलं नाही. तिथे अजून एक बाई आहे म्हणे, नुसतं बोलायला. सुई नाही, काटा नाही, बसून बोलायचं. ऑपरेशनच्या आधी तिच्याकडे जावंच लागतं. ती नाही म्हणाली तरी ऑपरेशन होत नाही. म्हणजे आता काटे दोन झाले.


२८ सप्टेंबर, रविवार

शेठचा काटा. एकशेपंचवीस आणि अर्धा.

आठवड्यात पाच किलो. मंदा दोनदा चढली, दोनदा उतरली. चपला काढून चढली. बांगड्या काढून चढली. अर्धा तो अर्धाच. शेठ म्हणाला, "पोत्याला अर्धा किलो इकडे-तिकडे चालतं. बाईंचं काय ते दवाखान्याला विचारा."

मी म्हटलं, "अंबाडा कापू का? केसांचा अर्धा भरेल."

आज मंदा हसली. शेठच्या दुकानात, पोत्यांमध्ये, मोठ्याने.

घरी येताना चढावर थांबली, पण बसली नाही. मी पुढे होते. म्हातारी पुढे आणि तरणी मागे, अजून तसंच आहे. पण मागून धापेचा आवाज कमी येत होता, आणि त्याचीच मला भीती वाटली. इतकी वर्षं त्या आवाजावरून मला कळायचं, आहे मागे.


२९ सप्टेंबर, सोमवार. सर्वपित्री

मुलाचं पान. नवऱ्याचं पान. सासू-सासऱ्याचं. तांदळाची खीर, उडदाचे वडे, भोपळा, गवार. घरभर वास आणि मंदा ओसरीवर पुडीचं पाणी घेऊन बसलेली. पाठ करून. म्हटलं, वळून बस, वासाने वजन वाढत नाही.

मग मी एक छोटं पान मांडलं. नागलीची भाकर, चतकोर, बाकी काही नाही. हौसा बघत होती. लेकराचं घालत नाहीत. मी घातलं. भगत गेला कधीच, आता कोण विचारतोय. हौसाने आतून गुळाचा खडा आणला आणि भाकरीवर ठेवला.

पावसात कावळा कुठला येतो. पान भिजत राहिलं. मी दारात बसून राहिले, दुपार गेली. आता मला माहीत आहे की ती येत नाही, तेव्हाही आली नव्हती. तरी बसले. कोणी मागत असेल आणि मी आत असेन तर.

शेवटी शेजारची कोंबडी आली आणि गूळ सोडून भाकर खाऊन गेली.

मंदा म्हणाली, "चालेल, आजी."

चालवून घ्यायला लागेल.


३० सप्टेंबर, मंगळवार. सकाळ

जीप साताला. हौसा पिशवी भरतेय. मंदाचे कागद, गोळ्या, टॉवेल, पुडीचा डबा. आज तिथे पुन्हा वजन. मग ती बोलणारी बाई. मग घेतात की परत पाठवतात ते. अर्धा किलो.

स. पूड. बाकी नाही.

मंदाने विचारलं, "मंगळवार-बुधवारची पानं फाडू का? बाई वाचेल."

नको. वाचू दे. तिनेच सांगितलं होतं, का वाढता ते लिहा. लिहिलं. आता एक शेवटचं, तिच्यासाठी. नीट लिही, तुझ्याबद्दल आहे म्हणून खोडू नको.

बाई, आमची मंदा पोट भरल्यावर मागणार नाही. तिला मागायची सवय नाही. ताटावर आडवा हात धरेल आणि बघेल. तेव्हा तिला वाढू नका. नाही म्हणा. मला आता कळलंय, नाही म्हणायला लागतं. पण म्हणताना तिच्याकडे बघून म्हणा. दुसरीकडे तोंड करू नका. हातात काम काढू नका. आणि नाही म्हणून उठून जाऊ नका, तिथेच बसा थोडा वेळ. तुमच्या दवाखान्यात सगळ्यांना घाई असते, मला माहीत आहे. तरी एवढं बघा.

मंदा म्हणते, हे तू येऊन सांग. पुढच्या सीटवर एक जागा धरलीय म्हणे, काल संध्याकाळीच जीपवाल्याला सांगून ठेवलं, मला न विचारता. नाशिक मी पाहिलेलं नाही. लुगडं पण हेच. चूल पेटती आहे. मी तिथे जाऊन बसेन आणि ती बघेल, आणि मला नाही म्हणता येईल का, ते मला आज इथे बसून

जीप आली. हॉर्न वाजवतोय. हौसा पिशवी घेऊन पुढे गेली.

पुरे म्हणतेय मंदा. उजव्या हाताने लिहितेय, डावा माझ्यापुढे केलाय.